काळे पायमोजे आणि कुलाब्याचा किनारा

अष्टागरावर आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, आंग्र्यांचे आरमार, नागावच्या विहिरी आणि रहाट, चौलची देवळे या सर्वांची वर्णने वाचकांच्या परिचयाची आहेत, आणि त्यांत नवी भर घालावी असा आमचा आग्रह नाही. या खेपेस मात्र आमचे लक्ष एका निराळ्याच वस्तूकडे गेले, व ती वस्तू म्हणजे बायकांच्या पायांवरील वस्त्र. विषय क्षुद्र आहे असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घरात तीन पिढ्यांच्या बायका एकाच स्वयंपाकघरात वावरतात, त्या घरात राज्यक्रांतीपेक्षाही वस्त्रक्रांतीवरून अधिक शब्द खर्ची पडतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांस हा विषय क्षुद्र वाटणार नाही.

वादाचे मूळ असे. आमची पुतणी महाविद्यालयात जाते. काळे, दाट विणीचे, आरपार न दिसणारे टाइट्स घ्यावेत असे तिच्या मनात होते. पण त्यांची फॅशन अजून आहे की सरली, याविषयी तिला शंका होती. तिने ती शंका आम्हांस विचारली आणि ऐकली मात्र सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, “फॅशन राहू दे बाजूला. आपल्या घरच्या मुलीला ते शोभतात का, ते आधी बघ.” त्यावर पुतणी म्हणाली, “आजी, शोभण्याचं कोण विचारतंय? हल्ली चालतात का, एवढंच मी काकूंना विचारत होते.” आमच्या थोरल्या जाऊबाई स्वभावाने व्यवहारी. त्या म्हणाल्या, “मुंबईच्या उकाड्यात ते अंगाला सोसतील का, ते तरी विचारा कोणी!”

शोभते का, चालते का, सोसते का, असे हे तीन निरनिराळे प्रश्न. तिन्ही एकाच दमात विचारले जातात म्हणूनच घरोघरी भांडणे होतात, असे आमचे मत आहे. पौषात संक्रांत उरकल्यावर आम्ही सर्व चार दिवस अलिबागेस गेलो, तेव्हा हे तिन्ही प्रश्न आमच्याबरोबर होडीत चढले.

प्रथम वस्तूचाच परिचय करून घेऊ. टाइट्स म्हणजे कमरेपासून पावलापर्यंतचा अखंड मोजा. पाऊल उघडे राहिले की त्यासच बाजारात लेगिंग म्हणतात. ‘मोजा’ हा शब्द आपल्याकडे फारशीतून आला. युरोपात घट्ट मोजा ही काही शतके पुरुषांचीच मिरवण्याची वस्तू होती. तेथील सरदार-दरकदारांच्या जुन्या चित्रांत पोटऱ्या मोज्यांनी आवळलेल्या दिसतात. मोजे विणण्याचे यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ साली तयार केले. नायलॉनचे मोजे अमेरिकेत १९४० च्या मे महिन्यात सर्वत्र विक्रीस आले. कमरेपर्यंतचे अखंड मोजे तेथेच १९५९ साली निघाले. पुढील दशकात लंडनमध्ये आखूड झग्याची लाट आली. झगा जसजसा वर गेला तसतसे दोन सुटे मोजे बांधून ठेवणे अशक्य झाले, आणि टाइट्सचे राज्य सुरू झाले. तेव्हा हे वस्त्र पाय दाखविण्याकरिता निघाले की झाकण्याकरिता, याचे उत्तर दोन्हीकडून देता येते.

दाटपणाचे माप ‘डेनियर’ या परिमाणात देतात. ९००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम भरेल तितके त्याचे डेनियर. साधारणपणे ४० डेनियरच्या पुढे विणीतून कातडी दिसेनाशी होते. ८० वा १०० म्हणजे पक्का काळोख. त्यात ताण घेणारा इलास्टेन नावाचा धागा मिसळलेला असतो; तो अमेरिकेत १९५८ साली शोधला गेला. एवढ्या माहितीवरून सुज्ञ गृहिणीच्या ध्यानात येईल की, ही वस्तू मुळात थंड मुलुखाची आणि कृत्रिम सुताची आहे. तिकडे हिवाळा आला की काळे दाट टाइट्स आजही निघतात. मधूनमधून पातळ, पारदर्शक मोज्यांची लाट येते आणि ओसरते. जी वस्तू लाटेबरोबर वाहून जात नाही तिला फॅशन न म्हणता सवय म्हणणे अधिक योग्य. तेव्हा ‘चालते का’ या प्रश्नाचे, निदान त्या देशांपुरते उत्तर ‘चालते’ असेच आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह माणसे नेणारी मोठी बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मुंबईचे वारे या बाजूस अधिकच जोराने वाहू लागले आहे. एके काळी या गावाने मुंबईपासून दूर असण्याचाच लाभ घेतला होता. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील नाजूक चुंबकीय उपकरणांचे काम बिघडेल अशी भीती उत्पन्न झाली, आणि १९०४ साली अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या इमारतींत लोखंड येऊ दिले नाही. ट्रामच्या विजेपासून चुंबकसूची वाचविता आली. मुंबईच्या फॅशनीपासून अलिबागेस वाचविण्याची युक्ती मात्र कोणत्याही वेधशाळेस सापडलेली नाही. पुढे १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. तरी आमच्या सासूबाईंच्या तोंडी अजून कुलाबाच आहे.

थळ, वरसोली, अलिबाग येथील कोळीवाड्यांतून सकाळी हिंडले म्हणजे पायांवरील वस्त्राचा खरा विचार कोठे झाला आहे, हे दिसते. वृद्ध कोळिणीचे लुगडे गुडघ्यापर्यंतच असते. ते दोन्ही पायांमधून घेऊन मागे घट्ट खोचलेले. पोटऱ्या मोकळ्या, कंबर आवळलेली, आणि डोक्यावर पाटी. चिखलात उतरावे, होडीत चढावे, वाळूत बसून मासळीची वाटणी करावी, आणि कोठेही वस्त्र पायात येऊ नये, अशी ही योजना. खाजणात भातशेती करणाऱ्या आगरी बायकांचे, पेण-उरणकडे मिठागरांवर राबणाऱ्या बायकांचे लुगडेही याच कारणाने आखूड. त्यात त्यांच्या विनयास कमीपणा आला असे या किनाऱ्यावर कोणी कधी म्हटले नाही. उलट त्या वेषातील कोळिणीशी भावावरून हुज्जत घालताना भलेभले खालच्या आवाजात बोलतात, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

त्यांच्यापैकी एकीस आमच्या पुतणीने धीर करून विचारले, “मावशी, तुमच्या सुना असं नेसतात का?” ती हसून म्हणाली, “नाय गो बाय. त्या गाउन घालतान, नाय तर पंजाबी. लगनाला मातुर लुगरा पायजेलच.” म्हणजे जे कामाचे वस्त्र होते ते सुनांच्या पिढीत समारंभाचे झाले. आगबोटीपासून मोटारीपर्यंत सर्व बदल पचविलेल्या त्या बाईस याचा विषाद वाटलेला दिसला नाही.

आपल्या ब्राह्मण घरांतील कथा याहून फारशी निराळी नाही. फक्त तीवर वाद अधिक झाला. नऊवारी लुगड्याचा काष्टा घोट्याच्या वर थांबे आणि चालताना पोटरीचा भाग दिसे. त्यात आपल्या आज्या-पणज्यांनी देवपूजा केली, दळणे दळली, विहिरीचे पाणी ओढले. पुढे पाचवारी गोल पातळ आले. त्याने पाय पुरते झाकले. तरी ते नेसणारीस नखरेल म्हटले गेले, आणि विनाकाष्ट्याच्या सुनेने सोवळ्यात शिरू नये असे दंडक निघाले. दुसऱ्या महायुद्धातील कापडटंचाईने पाचवारीस हातभार लावला असे जुन्या बायका सांगत. आज तेच पाचवारी पातळ ‘आपला जुना पोशाख’ म्हणून सुनांस सांगितले जाते! म्हणजे पोटरी दिसे तेव्हा ते सोज्वळ, पोटरी झाकली तेव्हा ते उच्छृंखल, आणि आज पुन्हा पोटरी झाकण्याकरिता काळा मोजा घातला तर तोही वादग्रस्त. दोष पोटरीचा नव्हे, वस्त्राचाही नव्हे, दोष नवेपणाचा.

या विचारात असतानाच आम्हांस अलिबागेशी जडलेले एक नाव आठवले, ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात होते. कल्याणहून त्यांची बदली अलिबागेस झाली, आणि आनंदीबाईंच्या कोवळ्या वयातील काही दिवस याच गावात गेले. जन्म १८६५ चा, विवाह नवव्या वर्षी, चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. पुढे १८८३ साली त्या एकट्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी आपला धर्म व आपले आचार सोडणार नाही, असे सर्वांसमक्ष सांगितले होते.

फिलाडेल्फियाच्या थंडीत हा निश्चय पायांपाशीच अडला. नऊवारी काष्ट्याच्या नेसणीत पायाचा भाग उघडा राहतो. अलिबागेच्या हवेत त्यास काही बाध नव्हता. बर्फाच्या मुलुखात मात्र तो प्रकृतीसही घातक, आणि तेथील समाजाच्या दृष्टीने अशिष्टही. तेव्हा आनंदीबाईंनी नेसण सोडली नाही, नेसण्याची रीत बदलली. पाय झाकले जावेत म्हणून त्या गुजराथी पद्धतीने साडी नेसू लागल्या. पोशाखाचा हा विषय पतिपत्नींच्या पत्रांतून वादाचा झाला. हजारो कोसांवर एक मुलगी वैद्यक शिकत आहे, खोली नीट तापत नाही, प्रकृती खालावत आहे, आणि इकडे मायदेशी तिच्या वस्त्राची चिकित्सा चालली आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे मन विषण्ण होते. १८८५ साली जपानच्या केइको ओकामी व सीरियाच्या साबात इस्लामबूली या सहाध्यायिनींबरोबर काढलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नसता, पुण्यास त्यांचा अंत झाला.

आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पोरीनं त्या थंडीत चार मोजे एकावर एक घातले असते, तरी कोणाचं काय गेलं असतं?” शोभते की नाही या प्रश्नाचा निकाल त्यांच्यापुरता तेथेच लागला असे आम्ही समजतो.

वद्य द्वितीयेच्या सकाळी आम्ही कुलाब्याच्या किल्ल्यास गेलो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ओहोटी खूप खोल जाते, आणि किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत वाळू-खडकांची वाट उघडी पडते. अष्टमीच्या सुमारास तशी पडत नाही, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. या जलदुर्गाचे काम शिवाजीमहाराजांनी अखेरच्या काळात, १६८० साली हाती घेतले, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या हाती तो मराठी आरमाराचे बळकट ठाणे झाला. समुद्रात उभा असूनही आत गोड्या पाण्याची सोय आहे, गणपतीचे देऊळ आहे. ज्यांस चालवत नाही त्यांच्याकरिता घोडागाड्या पाण्यातून जातात.

वाटेवर एका ठिकाणी घोट्याहून थोडे वर पाणी होते. तेथे क्षणभर उभे राहिल्यास पोशाखाची परीक्षा घेण्यास दुसऱ्या शाळेची गरज नाही. गोल पातळातल्या बायकांनी दोन्ही हातांनी निऱ्या उचलल्या, म्हणून मुलांचा हात धरण्यास हात उरला नाही. सैल सलवारीच्या तळाशी वाळूचे ओझे जमले. एका मुलीच्या काळ्या टाइट्सनी पाणी शोषले ते थेट गुडघ्यापर्यंत. वाळल्यावर त्यांवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले आणि पावलात अडकलेली वाळू काढावयाची तर सगळेच उतरवावे लागेल, अशी तिची पंचाईत झाली. लेगिंगवाल्या मुलींनी त्या गुडघ्यापर्यंत गुंडाळल्या आणि सुटल्या. आणि शिंपल्या वेचावयास निघालेली एक गुडघ्यापर्यंत लुगडे नेसलेली बाई, वस्त्राकडे एकदाही न पाहता, सरळ पाण्यातून निघून गेली. कान्होजींच्या काळीही ही वाट अशाच वेषात तुडवली गेली असेल.

जाऊबाई विजयी मुद्रेने म्हणाल्या, “बघितलंस? सोसत नाहीत.” पुतणीही हजरजबाबी. ती म्हणाली, “काकू, समुद्रात कोण घालून जातंय? ते काय दर्यावर जायचे कपडे आहेत?” आमच्या मते दोघींचेही खरे. वस्त्राला स्थळ असते आणि काळ असतो. लोकरीची शाल वैशाखात वाईट म्हणून ती सर्वकाळ वाईट ठरत नाही.

दुसरे दिवशी चौल-रेवदंड्यास गेलो. चौल हे एके काळी पश्चिम समुद्रावरील मोठे बंदर, आणि तलम कापडासाठी, रेशमासाठी नावाजलेले. पंधराव्या शतकात, १४७० च्या सुमारास, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन येथे उतरला. रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे. त्याने पहिली नोंद केली ती येथल्या लोकांच्या पोशाखाची! माणसे इतकी कमी वस्त्रे कशी वापरतात, बायका डोके झाकीत नाहीत हे कसे, याचे त्यास नवल वाटले. पण त्याच नोंदीत तो असेही सांगतो की, आपण जेथे जाऊ तेथे लोक आपल्यामागून गोऱ्या माणसाला पाहण्यास येतात. बर्फाच्या देशातून आलेला, नखशिखान्त झाकलेला तो मनुष्य चौलच्या उन्हात चौलकरांस किती विचित्र दिसला असेल! दुसऱ्याचे वस्त्र चमत्कारिक वाटते तेव्हा आपलेही कोणास तरी तसेच वाटत असते, हा धडा साडेपाचशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर गिरविला गेला आहे. पुढे पोर्तुगीज आले, १७४० साली रेवदंडा मराठ्यांकडे आला. चौलच्या विणकरांपैकी कित्येक त्याआधीच मुंबईस जाऊन वसले होते. आज चौलच्या बाजारात दुरून विणून आलेले कापड विकले जाते.

काळ्या रंगाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण सासूबाईंची मूळ हरकत रंगावरच होती. शुभकार्यात काळे नको ही आपली समजूत खरी. पण संक्रांतीस काळी चंद्रकळा आणि तीवर हलव्याचे पांढरे दागिने हीही आपलीच रीत. काळा रंग ऊब धरतो म्हणून थंडीच्या सणास काळे वस्त्र, असा तिचा अर्थ सांगतात. युरोपातील बाई हिवाळ्यात काळे दाट मोजे घालते तीही अर्धी त्याच कारणाने. म्हणजे दोन्ही ठिकाणी बुद्धी एकच, फक्त वस्त्र निराळे. कोकणातील हिवाळा मात्र पाहुण्यासारखा चार दिवस येतो, आणि बाकीचे महिने घाम असतो. अशा हवेत कृत्रिम सुताचे घट्ट वस्त्र दिवसभर अंगास चिकटून राहिले की घामोळे व गजकर्ण यांस आमंत्रण मिळते. सैल व सुती वापरावे असे त्वचेचे वैद्य सांगतात, ते याच कारणाने. पायांच्या शिरांकरिता वैद्याच्या सल्ल्याने वापरावयाचे दाबाचे मोजे ही अगदी निराळी वस्तू आहे. तिची या टाइट्सशी गल्लत करू नये.

अलिबागेच्या बाजारपेठेत एका दुकानी आम्ही पुतणीकरिता चौकशी केली. दुकानदारीण बाई चांगली माहितगार. तिच्या सांगण्याप्रमाणे, कुडत्याखाली घालण्याच्या काळ्या लेगिंगला पूर्वीइतकी झुंबड नाही, कारण मुली आता सैल पायांच्या पायजम्यांकडे वळल्या आहेत. परंतु काळा रंग मात्र दुकानात कधी पडून राहत नाही. आणि मग तिने एक वस्तू दाखविली, ती पाहून सासूबाई चकितच झाल्या. ती होती शिवलेली नऊवारी! काष्टा, निऱ्या सर्व शिवून तयार. पाय घालावे आणि नाडी बांधावी. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेस, लग्नकार्यास मुली ती घेतात, आणि दुचाकीवरही बसतात. “आतून काय घालतात?” असे सासूबाईंनी विचारताच बाई उत्तरली, “काळी लेगिंग, आजी. बिनधास्त बसता येतं.”

ज्या वस्त्रावरून घरात वाद पेटला होता, ते आपल्या पणज्यांच्या काष्ट्याखाली मुकाट्याने जाऊन बसले होते. सासूबाई हसल्या, आणि त्यांनी स्वतः हात लावून त्या लेगिंगचे सूत पाहिले. “सुती आहे का?” एवढाच त्यांचा प्रश्न उरला होता.

आमचा निष्कर्ष थोडक्यात असा. काळ्या दाट टाइट्सची फॅशन सरली नाही, कारण ती आता फॅशन राहिलेलीच नाही. थंड मुलुखात ती नित्याची वस्तू आहे, आणि आपल्याकडे प्रवासात, महाबळेश्वरच्या थंडीत, गार केलेल्या कचेऱ्यांत किंवा नाटक-नृत्याच्या प्रसंगी तिचा उपयोग आहे. कोकणच्या किनाऱ्यावर रोजच्या वापरास ती सोसत नाही. तेथे सुती लेगिंग वा सैल पायजमा बरा. राहिला शोभण्याचा प्रश्न. तो घरातील वडील माणसांनी अवश्य विचारावा, पण शेवटी सोडवावयाचा कोणी, हे कोळिणीच्या लुगड्याने आणि आनंदीबाईंच्या साडीने आपणांस सांगून ठेवले आहे. ज्या पायांनी चिखल, बर्फ वा कॉलेजची वाट तुडवावयाची, त्या पायांस काय सोईचे ते ज्याचे पाय त्यास प्रथम कळते. इतरांनी सल्ला द्यावा, सूत तपासावे, किंमत विचारावी. आणि मग वाट मोकळी करून द्यावी.

पुतणीने काळे टाइट्स अखेर एकच जोड घेतले, ८० डेनियरचे, कॉलेजच्या सहलीकरिता. आणि सोबत दोन सुती लेगिंग. पैसे सासूबाईंनी दिले.